पिस्टनच्या खाचेत फायबर: शिरोलीच्या ओतशाळेतल्या नोंदी

२ जून

आमच्याकडे ॲल्युमिनियमचे पिस्टन ओततात. बहुतेक माल ८० मिमी बोअरच्या एक-सिलिंडर डिझेल इंजिनांचा, म्हणजे विहिरीवरचे पंप, गुऱ्हाळं, पिठाच्या गिरण्या. परत आलेले पिस्टन मी वर्षभर एका पेटीत साठवले. स्कर्ट (पिस्टनची खालची बाजू) ठीक, पिनचं भोक ठीक. झिजलेली असते ती पहिल्या रिंगची खाच. उष्णता तिथेच जास्त, धूळ तिथेच अडकते आणि रिंग तिथेच आपटते. खाच रुंदावली की इंजिन तेल खायला लागतं आणि सगळा पिस्टन भंगारात जातो.

यावरचा जुना उपाय म्हणजे खाचेच्या जागी निकेलयुक्त बिडाचं कडं ओतून घ्यायचं. ते जड असतं, शिवाय ॲल्युमिनियमला चिकटावं म्हणून आधी वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये बुडवून घ्यावं लागतं. तो सांधा सुटलेले पिस्टनही माझ्या पेटीत आहेत. टोयोटाने १९८३ च्या सुमारास डिझेल पिस्टनमध्ये बिडाऐवजी सिरॅमिक फायबरचं कडं घातलं आणि दाबाखाली ओतून त्यात ॲल्युमिनियम भरलं. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. शिरोलीतल्या चार जणांच्या ओतशाळेत ते जमतं का, हे मला बघायचं आहे. जे घडेल ते इथे लिहीत जाईन, बिघडलेलंही, कारण मी शोधलं तेव्हा यशाचे फोटो सापडले आणि चुकांची यादी कुठेच सापडली नाही.

हाताशी काय आहे: १०० टनी हायड्रॉलिक प्रेस (जुना, सिलिंडर २२० मिमीचा), तेलावरची मुशीची भट्टी, मफल (बंद कप्प्याची) भट्टी, एलएम१३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या विटा. भट्टीवर मामा, लेथवर काका, पडेल त्या कामाला धाकटा भाऊ. बाबांनी दिवसातून दोन तास प्रेस वापरायला दिला आहे, संध्याकाळी सहानंतर.

५ जून

फायबर म्हणून भट्टीच्या अस्तराचं १२६० ग्रेडचं सिरॅमिक ब्लँकेट घेतलं. शुद्ध ॲल्युमिना फायबर जास्त चांगलं, पण किंमत ऐकून पहिल्या प्रयोगांना हेच बरं असं ठरवलं. हे ॲल्युमिना आणि सिलिका जवळपास निम्मं-निम्मं असतं, धागा दोन-तीन मायक्रॉनचा.

ब्लँकेटमध्ये धाग्यांबरोबर काचेचे गोल दाणे असतात. बाजारात त्याला शॉट म्हणतात. धागा ओढताना जो रस धागा न होता थिजतो तो हा. पिस्टनमध्ये शॉट राहिला तर टूलची धार जाते आणि तडा तिथूनच सुरू होतो. ब्लँकेट कापून २० लिटरच्या बादलीत पाण्यात घुसळलं, अर्धा मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं. धागे पाण्याबरोबर गेले, दाणे तळाला राहिले. असं पाच वेळा. एक किलो ब्लँकेटमधून वाळल्यावर साडेपाचशे ग्रॅम धागा हाती आला, बाकी वाळू.

मास्क आणि हातमोजे याआधी, नंतर नाही. हा धागा फुप्फुसात जाण्याइतका बारीक आहे. मी पहिल्या दिवशी साध्या कापडी मास्कवर काम केलं, ती चूक. रात्रभर मनगटांना कुसळं टोचल्यासारखी खाज होती, आणि कातडीला जे होतं ते आत झालं तर खाजवताही येत नाही. आता पी१०० गाळणीचा मास्क घेतला आहे. कापणं आणि घुसळणं ओलं असतानाच करायचं. कोरडं ब्लँकेट हातात धरायचंच नाही.

९ जून

कडं उभं राहण्यासाठी धाग्यांना बांधणारं काहीतरी लागतं. कोअरसाठीचं (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यासाठीचं) सोडियम सिलिकेट आमच्याकडे पिंपांनी पडलेलं असतं, म्हणून तेच घातलं. वाळल्यावर कडं छान कडक झालं. ९०० अंशांना भाजलं आणि मफल उघडली तर कडं बसलेलं, वरून काचेसारखं चकाकणारं, उंची १४ वरून ११ मिमी. सोडियममुळे सिलिका लवकर मऊ पडते, हे मला शिकवलेलं आहे. परीक्षेत लिहिलेलंही आहे. तरी पिंप समोर होतं म्हणून तेच घेतलं. चार दिवस गेले.

१४ जून

आता कोलॉइडल सिलिका (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिबारीक कण), ३० टक्केवाली. इन्व्हेस्टमेंट कास्टिंगवाले मेणाच्या साच्यावर तिचाच लेप देतात, त्यामुळे कोल्हापुरात सहज मिळते. पाण्यात धागे, त्यात सिलिका, खाली जाळी, त्याखाली व्हॅक्यूम. कडं तयार. ११० अंशांना वाळवलं, ८५० ला भाजलं, आकार टिकला. मग मधोमध मोडून पाहिलं. बाहेरची दोन मिलिमीटर साल कडक आणि आतला भाग कापसासारखा, बोटाने निघणारा.

पाणी वाळताना बाहेर येतं आणि सिलिकाला सोबत घेऊन येतं. सगळं बांधणारं द्रव्य सालीत, आत काही नाही. सावकाश वाळवून पाहिलं, पंख्याखाली पाहिलं. पावसाळी हवेत तर आणखी वाईट.

१९ जून

सिलिका धाग्यांवर आधीच चिकटली पाहिजे, म्हणजे पाण्याबरोबर तिला पळता येणार नाही. त्यासाठी स्टार्च घालतात हे माहीत होतं, म्हणून आधी घरची साबुदाण्याची खळ घातली. फरक जवळजवळ नाही. नंतर कागद गिरण्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानातून कॅटायनिक स्टार्च आणलं. सिलिकाच्या कणांवर ऋण भार असतो, या स्टार्चवर धन. बादलीत घालून ढवळलं आणि दोन मिनिटांत दुधी पाणी नितळ झालं! धाग्यांचे गुबगुबीत पुंजके तरंगायला लागले. पाणी नितळ दिसलं की समजायचं, सिलिका धाग्यांवर बसली. हीच खूण, वजन-मापं नंतर.

कडं: बाहेरून ८४, आतून ६४, उंची १४ मिमी. वजन ११ ग्रॅम. आकारमानाच्या १२ टक्के धागा, बाकी पोकळी. मोडून पाहिलं, आतबाहेर सारखं. भाऊ तळहातावर घेऊन म्हणाला, "यात रस शिरणार? हे तर फुंकरीनं उडेल."

२७ जून

डाय, म्हणजे पोलादी साचा, आली. एच१३ पोलाद, बोअर ९२, बाहेरून २०० मिमी. पोलाद, मशिनिंग आणि कडक करणं मिळून पंचासकट (वरून दाबणाऱ्या दट्ट्यासकट) ४१ हजार. हा सगळ्यात मोठा खर्च आणि तो आधीच करावा लागतो.

पिस्टन उलटा ओतायचा, माथा डायच्या तळाला. कडं तळाशी ठेवायचं, वरून रस (वितळलेला धातू), मग पंच. हिशोब असा: ९२ मिमी बोअरचं क्षेत्रफळ ६६.५ चौरस सेंटीमीटर. प्रेसच्या गेजवर चौरस सेंटीमीटरला १८० किलो दाब म्हणजे ६८ टन, म्हणजे रसावर साधारण १०० मेगापास्कल. वितळलेलं ॲल्युमिनियम सिरॅमिकला ओलं करत नाही. अळूच्या पानावर पाणी जसं गोळा होऊन राहतं तसंच. म्हणून ढकलावं लागतं.

२ जुलै

पहिली दोन ओतणी. कडं ७५० अंशांना तापवलेलं, रस ७८० ला, डाय बर्नरने २२०. मामांनी रस ओतला आणि कडं बुचासारखं वर आलं. कड्याची घनता ०.३४ आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमची २.४ च्या आसपास, वर येणारच होतं. पंच आला तेव्हा कडं पिस्टनच्या दुसऱ्या टोकाला होतं. कापून पाहिलं तर धागे मात्र भरलेले! जागा चुकीची, पण रस शिरतो एवढं कळलं. दुसऱ्यांदाही तेच.

४ जुलै

स्टेनलेसच्या तारेच्या तीन नख्यांनी कडं तळाला दाबून धरलं. यावेळी तरंगलं नाही. पण दाब येताच पंचाच्या कडेने रसाची पिचकारी उडाली आणि प्रेसच्या खांबावर जाऊन थिजली. कोणाला लागलं नाही, कारण पत्र्याचं आवरण लावून आम्ही मागे उभे होतो. आवरण लावा असं बाबांनी सांगितलं होतं आणि मी त्यावर अर्धा तास गेला म्हणून मनात कुरकुरत होते. हा अर्धा तास कोणीही वाचवू नये.

चूक माझी. पंच आणि बोअरमधला फरक मी थंड मापावर धरला, एकूण ०.२५ मिमी. डाय तापून पावणेतीनशेच्या वर गेली होती, पंच दीडशेच्या आत. पोलाद तापलं की फुगतं, मोठा बोअर जास्त फुगला आणि फट जवळजवळ ०.४ झाली. पंचाला धातू लावता येत नाही, नवा करावा लागला. थंड असताना एकूण फरक ०.१२, आणि पंच २०० अंशांना तापवून घ्यायचा. डायपेक्षा गरम मात्र होऊ द्यायचा नाही, नाहीतर अडकतो. नव्या पंचाचे साडेसात हजार आणि आठ दिवस.

१० जुलै

पंच येईपर्यंत भावाच्या हट्टाखातर कार्बन फायबरचं एक कडं केलं. ड्रोनच्या भागांसाठी वापरतात तो धागा, सात मायक्रॉनचा. मफलमध्ये ७५० ला ठेवून चहा पिऊन आलो तर कड्याच्या जागी राखेची रेघ. उघड्या हवेत कार्बन पाचशेच्या आसपास जळायला लागतो. होंडाने १९९० नंतर इंजिनाच्या सिलिंडरमध्ये कार्बन आणि ॲल्युमिना मिसळून वापरले आहेत, पण आमच्या भट्टीत ते काम नाही. शिवाय कार्बन आणि रस जास्त वेळ एकत्र राहिले तर ॲल्युमिनियम कार्बाइड होतं आणि ते नुसत्या दमट हवेनेही कुजतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते नकोच.

आदल्या दिवशी बेंदूर होता, त्यामुळे एरवीही काम बंदच होतं.

१३ जुलै

नवा पंच. तीन ओतणी, पिचकारी नाही. बाहेरून पिस्टन इतके सुंदर की बाबांनी एक उचलून दुकानदाराला दाखवायला बाजूला ठेवला. कापल्यावर तिन्हींत कडं चेपलेलं. १४ मिमीचं ९ मिमी, म्हणजे धागा १२ टक्क्यांवरून १९ वर, आणि मधून आडवी एक रेघ, जिथे कडं दुभंगून त्यात नुसता धातू भरला आहे.

प्रेसचा व्हॉल्व्ह उघडला की पंच धाडकन येतो. रस कड्यात शिरण्याआधी कड्यावर बसतो. मामा बाजूला उभे होते, म्हणाले, "ताई, जरा दमानं घ्या की. पाण्यात स्पंज बुडवताना बुक्की मारतो काय आपण?"

१६ जुलै

प्रेसच्या तेलाच्या लाइनवर फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह, ३,२०० रुपये. आता पंच रसाला टेकल्यावर दाब आधी गेजवर १५ किलो, म्हणजे रसावर आठ-नऊ मेगापास्कल. तिथे तीन सेकंद. मग पाच सेकंदांत १८० पर्यंत चढवायचा आणि ४० सेकंद धरून ठेवायचा. कड्याची उंची कापल्यावर १३.६ मिमी. चेपण्याचा प्रश्न संपला. बत्तीसशे रुपयांचा व्हॉल्व्ह आधीच लावायला हवा होता.

पण खालच्या बाजूला एक कोरडा पट्टा आहे. पांढरा, नखाने खरवडला तर धागा निघतो.

१८ ते २६ जुलै

हे नऊ दिवस या कामातले सगळ्यात कठीण. दहा ओतणी, दहाही कोरडी. सविस्तर लिहिते, कारण इथे अडकून कोणी काम सोडून देईल.

मला पहिल्यापासून वाटलं, हवा अडकते आहे. कड्याला सगळीकडून रस वेढतो, आतली हवा जाणार कुठे? म्हणून डायच्या तळाला ०.३ मिमीच्या हवेच्या खाचा कोरून घेतल्या. फरक नाही. कड्याच्या खाली वाट काढणारे बारीक चर ठेवले. फरक नाही. दाब गेजवर २२० पर्यंत नेला. कोरडा पट्टा तेवढाच, फक्त डाय उघडायला त्रास. खाचा कोरण्यात चार दिवस आणि पाच हजार गेले.

२२ तारखेला रात्री सगळे तुकडे टेबलावर ओळीने मांडले. माथा खाली, कापलेली बाजू माझ्याकडे. हवा अडकली असती तर कोरडी जागा कड्याच्या पोटात हवी, रस सगळीकडून येऊन जिथे भेटतो तिथे. एकाही तुकड्यात पोट कोरडं नव्हतं. दहाच्या दहा तुकड्यांत पट्टा तळाला, जिथे कडं डायला टेकलेलं आहे तिथे. आणि शंभर मेगापास्कलखाली कड्यातली सगळी हवा दाबली तर ती वाटाण्याएवढीही जागा घेत नाही. हे गणित पहिल्या दिवशीही करता आलं असतं.

म्हणजे प्रश्न हवेचा नव्हता, थंडीचा होता. दुसऱ्या दिवशी एका कड्यात थर्मोकपल (तापमान मोजायची तार) खोचून नुसतं मफलमधून डायपर्यंत नेलं. ७५० वर निघालेलं कडं, दार उघडणं, चिमटा, नख्या बसवणं, अठरा सेकंद, आणि मीटरवर ४७०. ११ ग्रॅमच्या वस्तूत उष्णता ती किती असणार? शिवाय ते टेकतं कुठे, तर २२० अंशांच्या पोलादावर. खालून शिरणारा रस तिथेच थिजतो, त्याची साल होते आणि त्या सालीआड राहिलेला धागा कोरडा. मग वरून कितीही दाब द्या.

तीन बदल केले.

कडं तळापासून उचललं. स्टेनलेसच्या १.६ मिमी तारेची तीन पायांची तिवई, कडं तळाच्या ८ मिमी वर, वरून आकडे म्हणजे तरंगणार नाही. सगळी तार ८० मिमी व्यासाच्या बाहेर ठेवली, जेणेकरून लेथवर निघून जाईल. आता कड्याच्या चारी बाजूंनी रस आहे, पोलाद कुठेच नाही.

कडं तिवईसकट झाकणाच्या स्टेनलेस डब्यात ठेवून डबाच मफलमध्ये ८०० ला तापवायचा. डबा डायपर्यंत न्यायचा, झाकण तिथेच उघडायचं. जेवणाचा डबा गरम राहतो त्याच कारणाने कडंही राहतं. डायमध्ये ठेवताना मीटरवर ६९०.

डाय २८० च्या खाली असेल तर ओतायचंच नाही. आणि रस ओतल्यापासून पंच टेकेपर्यंत पाच सेकंद. आधी आम्हाला बारा-चौदा लागायचे. मामा आणि भाऊ थंड डायवर रिकाम्या पळीने वीस वेळा तालीम करत होते. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि आत मी मोठ्याने आकडे मोजत होते.

३० जुलै

सात ओतणी, सहा पूर्ण भरलेली. सातव्यात मध्येच वीज गेली आणि दाब सुटला.

पहिला तुकडा कापला, एमरीवर घासला, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धरला. कड्याची जागा करडी, बाकी धातू चांदीसारखा, आणि दोन्हींच्या मध्ये रेघ स्वच्छ, कुठे पांढरं नाही. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सरांनी सूक्ष्मदर्शक वापरू दिला. धाग्यांची गोल टोकं दिसतात, प्रत्येकाभोवती धातू, सिलिकॉनचे कण धाग्यांना बिलगलेले. मी बराच वेळ बघत बसले. मामांनाही घेऊन गेले होते. त्यांनी एकदा डोळा लावला, बाजूला झाले, परत लावला.

दोन ठिकाणी शॉटचे गोल दाणे दिसले, शंभर मायक्रॉनच्या वरचे. धुणं पाच वेळांऐवजी आठ वेळा करायचं.

६ ऑगस्ट

उष्णता उपचार. नेहमीच्या पद्धतीने ५२० अंशांना आठ तास, मग पाण्यात, मग १७० ला दहा तास.

पहिले दोन पिस्टन साध्या थंड पाण्यात टाकले, जसे रोजचे टाकतो. एकात कड्याच्या आतल्या काठाला केसाएवढी चीर, रंगद्रव्य लावल्यावर दिसली. धातू जेवढा आक्रसतो त्याच्या निम्माही धागा आक्रसत नाही. आता पाणी ७५ ते ८० अंशांचं. पुढच्या दोघांत चीर नाही.

कठीणपणा मोजला तर दुसरा धक्का. साध्या भागात ११६ ब्रिनेल (गोळी दाबून मोजलेला कठीणपणा), फायबरच्या भागात १०४. फायबर घालून धातू मऊ? दोन दिवस मापन चुकलं असेल म्हणून परत परत बॉल मारत बसले. मापन बरोबर होतं. एलएम१३ मध्ये एक टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम असतं आणि उपचारानंतरचा कठीणपणा मुख्यतः त्याच्यावर. मॅग्नेशियमला सिलिका फार आवडते, ते तिच्यातला ऑक्सिजन घेऊन तिथेच अडकून बसतं. मी कड्यांना हाताळायला सोपं जावं म्हणून सिलिका धाग्याच्या १० टक्के घालत होते. ती ५ टक्क्यांवर आणली. कडी नाजूक झाली, तीनांतलं एक हातात मोडतं. पण कठीणपणा १२९. धाग्यातही सिलिका आहेच, म्हणून पूर्ण सुटका नाही. त्यासाठी ॲल्युमिना धागाच हवा.

१४ ऑगस्ट

लेथ. काकांनी साध्या कार्बाइड टिपने खाच काढायला घेतली. अर्ध्या खाचेत टिप बोथट. काकांनी थांबवून चिपा बोटात चोळल्या. म्हणाले, "हे ॲल्युमिनियम न्हवं, ही कानस हाय."

पीसीडी, म्हणजे हिऱ्याच्या टोकाचं खाच काढायचं टूल करून घेतलं, साडेसहा हजार. पहिल्याच पिस्टनवर त्याचा कोपरा उडाला. तिवईच्या तारेचा तुकडा शिल्लक होता आणि हिऱ्याला पोलाद चालत नाही. चूक टूलची नव्हती, क्रमाची होती. आता ठरलेला क्रम: आधी कार्बाइडने ८१ मिमीपर्यंत उतरवायचं, चुंबक फिरवून काही लागतं का बघायचं नाही, कारण आमची तार चुंबकाला धरत नाही. डोळ्याने आणि भिंगाने बघायचं. तार नाही याची खात्री झाली की मगच हिरा. टूल परत घासून आणायचे १,८००. त्यानंतर चार पिस्टन झाले आणि धार शाबूत आहे.

चिपांची धूळ कोरडी उडू द्यायची नाही, भरपूर कूलंट. काकांनाही आता माझ्यासारखाच मास्क आहे. त्यांनी पहिल्या दिवशी नको म्हटलं, मी लेथ बंद करून समोर उभी राहिले.

२३ ऑगस्ट

बाबांनी हिशोब मागितला, तो इथेही देते. डाय आणि पहिला पंच ४१,०००. दुसरा पंच ७,५००. व्हॉल्व्ह ३,२००. डायच्या वाया गेलेल्या खाचा ५,०००. पीसीडी आणि त्याची दुरुस्ती ८,३००. ब्लँकेट, सिलिका, स्टार्च, मास्क, गाळण्या मिळून ९,४००. बेरीज ७४,४००. धातू बहुतेक परत भट्टीत गेला, पण फायबरचा तुकडा असलेला भंगार रोजच्या मालात मिसळायचा नाही, तो वेगळ्या पिंपात. एकदा मिसळला गेला आणि साध्या पिस्टनांच्या एका घाण्यात मळी दुप्पट निघाली.

वेळ अकरा आठवडे, संध्याकाळचे दोन तास धरून. त्यातले साधारण पाच आठवडे मी वर लिहिलेल्या चुकांचे.

एका पिस्टनला आज जो खर्च येतो तो साध्याच्या जवळजवळ चौपट आहे. बाबा म्हणाले, एवढ्याला शेतकरी घेणार नाही. खरं आहे. पण चौपटीतला मोठा वाटा कडं हाताने एकेक करण्याचा आणि त्यातली मोडण्याचा आहे. एका वेळी सहा कडी निघतील असा चाळणीचा साचा काका करत आहेत.

१२ सप्टेंबर

गावाकडच्या आमच्या विहिरीवरच्या इंजिनात एक पिस्टन बसवला होता. ९० तास चालला. आज भाऊ आणि मी जाऊन उघडला. पहिल्या रिंगची वरखाली फट बसवताना ०.०६ मिमी होती, आजही फीलर गेजचं ०.०६ चं पान जातं, ०.०७ चं जात नाही. कड्याच्या काठाला रंगद्रव्य लावून पाहिलं, चीर नाही. माथ्यावर काजळी नेहमीसारखी. साधा पिस्टनही ९० तासांत फारसा झिजत नाही, त्यामुळे यावरून काही ठरवायचं नाही. शेजारच्या मळ्यातल्या तशाच इंजिनात त्याच दिवशी नवा साधा पिस्टन बसवून ठेवला आहे, तासांची वही त्या इंजिनालाही टांगली आहे.

विहिरीला पाणी भरपूर आहे, पाऊस थांबेपर्यंत इंजिन फारसं चालणार नाही. ऊस तोडणीनंतर दोन्ही इंजिनं गुऱ्हाळावर जातील. पिस्टन पुसून परत बसवला, नवी गास्केट, हेडचे बोल्ट टॉर्कने. पुढचं माप ५०० तासांना.